मदत हवी आहे: 'ट्रीग' या जुन्या इंग्रजी शब्दाला मराठीत काय म्हणावं?

नमस्कार मंडळी,

एडमंड स्पेन्सर या इंग्रज कवीच्या 'फेअरी क्वीन' या दीर्घकाव्यातल्या (१५९०) एका प्रसंगाचा अनुवाद करतोय. निव्वळ हौस! पण एका शब्दाशी चार दिवस अडलोय.

ह्युडिब्रास आणि सान्सलॉय हे दोन सरदार भांडत असतात. गायन (Guyon) नावाचा तिसरा सरदार भांडण सोडवायला जातो, तर दोघं मिळून त्याच्यावरच उलटतात. शेवटी मेडिना नावाची स्त्री तिघांची समजूत घालते आणि घामाघूम झालेले हे वीर जरा दम खातात. त्या थांबण्याला स्पेन्सर 'ट्रीग' म्हणतो. आजच्या इंग्रजीत हा शब्द उरलेला नाही, 'ट्रूस' म्हणतात. दोनच ओळी आधी 'लीग' आलाय, तेव्हा यमकासाठीच त्याने हा उचलला असावा असा माझा दाट संशय.

शब्दाचं कुळ भारी आहे. इटालियन 'त्रेग्वा', त्यामागे मध्ययुगीन लॅटिन 'त्रेउगा', आणि मुळाशी गॉथिक 'त्रिग्वा', म्हणजे करार. दक्षिण फ्रान्समधल्या रूसियों भागात १०२७ साली चर्चने शनिवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ लढाईला बंदी घातली, तीही 'त्रेउगा देई', देवाची युद्धबंदी. आणि 'ट्रूस' याच घराण्यातला! जुन्या इंग्रजीत त्याचं मूळ म्हणजे विश्वास, दिलेला शब्द. त्याच्या अनेकवचनातूनच 'ट्रूस' झाला. 'ट्रू' आणि 'ट्रस्ट' ही त्याचीच भावंडं.

म्हणजे लढाई थांबते ती शब्द दिला म्हणून. हेच मराठीत आणायचंय.

'तह' नको. पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले गेले, इथे कोणी काही देत-घेत नाही. 'युद्धविराम' म्हटलं की बातम्या ऐकल्यासारखं वाटतं. बायको म्हणाली, "टाइमप्लीज लिही." अर्थ चोख बसतो हो, पण चिलखत घातलेला सरदार अंगठा दाखवून टाइमप्लीज म्हणतोय हे डोळ्यांसमोरून जाईना.

सध्या 'कौल' वर मन बसलंय. कौल म्हणजे मुळात शब्दच, शिवाय कौलनाम्यातलं अभयही त्यात येतं. पण वाचकाला आधी निवडणूक आठवेल, कोकणातल्याला देवाचा कौल, नाहीतर थेट छपरावरची कौलं.

बखरी आणि जुनी पत्रं वाचणाऱ्यांनो, दोन्ही बाजूंनी शब्द देऊन लढाई तेवढ्यापुरती थांबवण्याला तिथे काय म्हटलंय? दोन-तीन अक्षरी असेल तर फारच उत्तम, ओळीत जागा तेवढीच आहे.