स्लीव्हसाठी तिहुआना: आधी काय उरकावं?

प्रश्न: टेक्सासहून मेक्सिकोतल्या तिहुआनाला गॅस्ट्रिक स्लीव्हसाठी (वजन घटवायला जठराचा मोठा भाग काढण्याची शस्त्रक्रिया) जायचंय. कंपनीच्या विम्यात ही शस्त्रक्रिया बसत नाही. तयारी काय?

उत्तर १: सर्जनला विचारून 2 आठवडे भात, पोळी, साखर, तळण बंद. त्याने यकृत आकसतं; नाही आकसलं तर ते आड येऊन जठराचा वरचा भाग नीट दिसत नाही. तंबाखू, अगदी मिश्रीसुद्धा, 6 आठवडे आधी सोडा.

उत्तर २: एंडोस्कोपी (नळीतून जठराची तपासणी) इथे अमेरिकेतच उरका. जुनी अ‍ॅसिडिटी स्लीव्हने बळावते. ती असेल तर गॅस्ट्रिक बायपासचं (वजन घटवायची दुसरी शस्त्रक्रिया) विचारा.

उत्तर ३: खरी गोम परतल्यावर. जठराला घातलेल्या टाक्यांतून होणारी गळती बरेचदा घरी आल्यावरच कळते: ताप, नाडी 120 च्या वर, डावा खांदा दुखणं. तडक इमर्जन्सी गाठा. तो खर्च पॅकेजमध्ये सहसा नसतो, पैसे बाजूला ठेवा. ऑपरेशन नोट इंग्रजीत मागा. फॉलोअपचा डॉक्टर निघण्यापूर्वीच पक्का करा. नंतर कोणी पटकन हात लावत नाही.