रिफ्यूज्ड: 'आम्ही मेलो' असं जाहीर करून गेलेल्यांनी परत यावं का?

खर्जातला_खडूस
ज्यांना हा बँड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्वीडनच्या उत्तरेकडे उमेओ नावाचं विद्यापीठाचं शहर आहे. तिथल्या पोरांनी 1991 मध्ये हा हार्डकोर पंक (पंक रॉकचाच आणखी वेगवान, आक्रमक प्रकार) बँड काढला. दारू-सिगारेट बंद, मांस-दूध बंद, भांडवलशाहीला शिव्या चालू. रेकॉर्ड काढायला बर्निंग हार्ट हे स्वीडनमधलंच स्वतंत्र लेबल. ऑक्टोबर 1998 मध्ये त्यांचा तिसरा अल्बम आला, 'द शेप ऑफ पंक टू कम'. नाव ऑर्नेट कोलमनच्या 1959 च्या जॅझ अल्बमवरून उचललेलं, म्हणजे माज बघा. पंकमध्ये टेक्नो, डबल बास, व्हायोलिन सगळं घुसवलेलं. तेव्हा त्याला फारसं कोणी विचारलं नाही. बँडमध्ये भांडणं, त्यात अमेरिकेचा दौरा. शेवटचा कार्यक्रम व्हर्जिनियातल्या हॅरिसनबर्गमध्ये एका घराच्या तळघरात झाला, आणि तोही पोलिसांनी मध्येच बंद पाडला.

मग त्यांनी पत्रक काढलं: आम्ही पुन्हा कधीही एकत्र वाजवणार नाही, जे झालं त्याचे गोडवे गाणार नाही, वर्तमानपत्रांनी आमचे सगळे फोटो जाळून टाकावेत.

आणि 2012 मध्ये स्वारी थेट कोचेला या कॅलिफोर्नियातल्या बड्या संगीत महोत्सवाच्या स्टेजवर! माझं मत: यायला नको होतं. फोटो जाळा म्हणणाऱ्याने पुन्हा फोटोला उभं राहू नये.

रियाजखोली
पूर्ण असहमत. पंचविशीतल्या पोरांनी रागाच्या भरात लिहिलेला कागद म्हणजे काय सातबारा आहे का? 2012 ला परत येताना त्यांनी सांगितलेलं कारण मला तरी पटतं: त्या वेळी आपसातल्या क्षुल्लक कुरबुरींमुळे या अल्बमला न्याय देता आला नाही. मी स्वतः बँडमध्ये वाजवतो (कॉलेज फेस्टिव्हल आणि एखादं लग्न, हसू नका). महिनोन् महिने घासून बसवलेलं गाणं नीट वाजवायच्या आधीच बँड फुटला तर काय होतं ते विचारा मला.

तिसरी_घंटा
आपल्याकडे 'शेवटचे काही प्रयोग' अशी जाहिरात किती नाटकांची, किती वर्षं वाचतोय आपण? तेव्हा नाही कोणी धागा काढत.

खर्जातला_खडूस
@तिसरी_घंटा, नाटकवाले 'रंगभूमीचा बाजार जाळा' म्हणून तिकिटं विकत नाहीत. यांच्या गाण्यांतून राजकारण काढलं तर उरतं काय? आणि पुढचं ऐका. 2015 च्या 'फ्रीडम' अल्बममधल्या दोन गाण्यांसाठी कोणाला बोलावलं, तर शेलबॅक या पॉप गाणी बनवणाऱ्या निर्मात्याला. टेलर स्विफ्टची 'शेक इट ऑफ' ज्याच्या हातची, तोच. 2019 चा 'वॉर म्युझिक' अल्बम तर स्पाइनफार्म या लेबलवर आला, आणि स्पाइनफार्म युनिव्हर्सल या बलाढ्य संगीत कंपनीच्या मालकीचं. शिव्या त्याच, फक्त पगारपत्रक बदललं.

बर्चवाला
मी उमेओत दोन वर्षं शिकायला होतो, म्हणून चार ओळी. डिसेंबरात दुपारी दोनच्या आत सूर्य गुल. बाहेर बर्फ, जवळ पैसे नाहीत, मग पोरं करणार काय? तळघरात वाजवतात. पण ते तळघर फुकट किंवा नाममात्र भाड्याने मिळतं, ते का? तिथे 'अभ्यास मंडळ' नावाची भानगड आहे. तीन-चार जणांनी मिळून काही शिकायचं ठरवलं की प्रौढशिक्षण संस्था त्यांना मंडळ म्हणून धरते आणि तिला सरकारी अनुदान मिळतं. बँडसुद्धा त्यात बसतो! आमच्या कॉरिडॉरमधला एक जण ड्रम वाजवायचा. सरावानंतर तो हजेरीचा कागद भरायचा: तारीख, किती तास, कोण कोण आलं. व्यवस्था मोडून काढू अशी गाणी, आणि खाली हजेरीपट. त्याच्या आधी नगरपालिकेची संगीतशाळा असतेच, गिटार तिथूनच हातात आलेली.

सांगायचा मुद्दा, 'स्वतंत्र' हा शब्द तिथे जरा जपून वापरावा. आणि 2012 च्या कामगिरीसाठी सरकारचा संगीत निर्यात पुरस्कारही मिळालाय बरं का रिफ्यूज्डला.

खर्जातला_खडूस
हजेरीपट आवडला. पण अनुदानाची खोली आणि कोचेला यांना एकाच तागडीत कसं घालता? कराच्या पैशातून खोली मिळाली म्हणजे 'काय वाजवताय' हे विचारायला कोणी येत नाही. उलट त्यामुळेच त्या लहानशा शहरातून हे आणि मेशुगाहसारखे बँड निघाले. निर्यात पुरस्कार मात्र माझ्याच बाजूने धरा.

स्वरदा_ठाणे
मी 'द शेप ऑफ पंक टू कम'मधलं 'न्यू नॉइझ' हे गाणं पहिल्यांदा ऐकलं ते 'द बेअर' मालिकेत. शिकागोतलं सँडविचचं दुकान, स्वयंपाकघरात नुसती धावपळ, आणि त्यावर ती गिटार! पोळ्या लाटताना लावून बघा, हात आपोआप भराभर चालतो.

धागाकर्त्यांना एक प्रश्न. गोडवे गाणार नाही हा शब्द 2012 मध्ये मोडला असं तुम्ही म्हणता. मग 2006 मध्ये त्यांचाच गिटारवाला क्रिस्तोफर स्तेन याने बँडच्या शेवटच्या दिवसांवर माहितीपट काढला, त्याचं काय? 2010 मध्ये अल्बमची सजवलेली आवृत्ती आली, ती? दरवर्षी आपलंच श्राद्ध आपणच घालत होते की! माझ्या मते स्टेजवर येणं त्यापेक्षा प्रामाणिक. निदान घाम तरी गाळला.

रियाजखोली
+1. अवांतर: मधल्या काळात गायक डेनिस लिक्सेन गप्प बसला नव्हता. 'इंटरनॅशनल नॉइझ कॉन्स्पिरसी' काढली, आणखी दोन-तीन बँड काढले, राजकारण तेच. तोच माणूस जुन्या नावाने तेच म्हणाला तर पाप?

खर्जातला_खडूस
2006 चा मुद्दा लक्षातच आला नव्हता. तेवढ्यापुरती माघार. मग शब्द मोडल्याची तारीख मी सहा वर्षं मागे घेतो, गुन्हा मात्र कायम!

बर्चवाला
2024 च्या जूनमध्ये लिक्सेनला हृदयविकाराचा झटका आला. तरी त्यातून उठून निरोपाचा दौरा केला आणि डिसेंबरात उमेओत शेवटचं वाजवून थांबले. गावातलीच माणसं समोर, पोलीस नाहीत, मधेच वीज बंद करणारं कोणी नाही. 1998 ला हे जमलं नव्हतं. मी तेव्हा गोथेनबर्गला होतो, जाणं जमलं नाही. अजून चुटपुट आहे.

तिसरी_घंटा
म्हणजे आता खरंच शेवटचा प्रयोग? पाच वर्षं थांबून मग बोलू.

रियाजखोली
@खडूस, एक करा. 'फ्रीडम'मधलं 'इलेक्ट्रा' लावा, कोणी लिहिलंय, कोणी बसवलंय ते विसरून. मग सांगा.

खर्जातला_खडूस
शेलबॅकवालंच ना ते? परवाच लोकलमध्ये दोनदा ऐकलं. आवडलं. त्याचाच तर संताप आहे.