मदत हवी आहे: लीव्हाय ब्राउनचा २०१३ चा ट्रेड नीट कसा तपासायचा?

मंडळी, नमस्कार.

इथे एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) मनापासून बघणारे बरेच जण आहेत, म्हणून विचारतेय. मी फिनिक्सजवळ राहते आणि अॅरिझोना कार्डिनल्स या संघाची चाहती आहे. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी अमेरिकन फुटबॉलवर लेख लिहायला घेतलाय. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर सगळेच लिहितात. मला लाईनमनवर लिहायचंय, आणि तेही फॉर्म हरवलेल्या, संघाने हंगाम सुरू असताना दुसऱ्या संघाकडे धाडलेल्या, म्हणजे ट्रेड केलेल्या, लाईनमनवर. माणूस ठरलेला आहे: लीव्हाय ब्राउन.

ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. क्वार्टरबॅकच्या पुढे पाच धिप्पाड माणसं, म्हणजे लाईनमन, उभी असतात. धावून येणाऱ्यांना जेमतेम तीन सेकंद थोपवून धरायचं, एवढंच त्यांचं काम, पण त्यावर सगळा खेळ उभा असतो. कडेला उभे राहणारे दोघे म्हणजे टॅकल. उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ डावीकडे असते. तिकडून कोण येतंय ते त्याला दिसत नाही, म्हणून डाव्या टॅकलची जबाबदारी सगळ्यात मोठी मानतात.

ब्राउन पेन स्टेट विद्यापीठाचा. २००७ च्या ड्राफ्टमध्ये (संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) कार्डिनल्सनी त्याला पाचव्या क्रमांकावर घेतलं. सातव्या क्रमांकावर मिनेसोटाने एड्रियन पीटरसनला घेतलं, आणि तो त्याच्या पिढीतला सर्वोत्तम रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) ठरला. आमच्याकडे ब्राउनचा विषय निघाला की पुढचं वाक्य हमखास पीटरसनचं असतं. मला हे खटकतं. कोणाला निवडायचं हे २००७ मध्ये ठरवलं वेगळ्या माणसांनी. २०१३ मध्ये त्याला पाठवायचं ठरवणारे जनरल मॅनेजर स्टीव्ह काइम आणि प्रशिक्षक ब्रूस एरियन्स, दोघेही त्या वर्षी आपापल्या खुर्चीवर नवे. एका निर्णयाचा राग दुसऱ्या निर्णयावर निघतो आणि तो ट्रेड कसा होता हे कोणी बघतच नाही.

मला माहीत असलेला घटनाक्रम असा. सुरुवातीची तीन वर्षं ब्राउन उजवा टॅकल होता. तेव्हाचा तरुण क्वार्टरबॅक मॅट लायनार्ट डावखुरा, त्यामुळे त्याची न दिसणारी बाजू उजवीच. पुढे त्याच्या जागी कर्ट वॉर्नर खेळू लागला, संघ फेब्रुवारी २००९ मध्ये सुपर बोलपर्यंत, म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत, गेला आणि पिट्सबर्ग स्टीलर्सकडून २७-२३ असा हरला. २०१० मध्ये ब्राउनला डावीकडे हलवलं. २०१२ च्या हंगामाआधी त्याचा ट्रायसेप्स फाटला आणि वर्ष वाया गेलं. त्या वर्षी कार्डिनल्सच्या क्वार्टरबॅकना ५८ वेळा सॅक झालं (चेंडू फेकण्याआधीच पाडलं गेलं), लीगमध्ये सर्वात जास्त. ४-० अशी सुरुवात करून संघ ५-११ वर संपला. म्हणजे तो नव्हता तेव्हा हाल झाले होते!

मग २०१३. पहिलाच सामना सेंट लुइसमध्ये. रॅम्सच्या रॉबर्ट क्विनने तीन सॅक केले आणि ब्राउनची पार दैना झाली. सामना आम्ही २७-२४ असा हरलो. चार सामन्यांनंतर संघ २-२ वर असताना, ऑक्टोबरच्या सुरुवातीला, एकोणतीस वर्षांच्या ब्राउनला पिट्सबर्गला पाठवलं. बदल्यात काय, तर ड्राफ्टच्या शेवटच्या फेऱ्यांतला सशर्त पिक (निवडीचा हक्क). जवळजवळ फुकटच. त्याच्या जागी आला ब्रॅडली सोवेल: ड्राफ्टमध्ये कोणीही न घेतलेला, नुकताच कोल्ट्सनी सोडलेला. पहिल्या फेरीत घेतलेला नवा गार्ड (टॅकलच्या आतल्या बाजूला उभा राहणारा) जोनाथन कूपर सरावसामन्यातच पाय मोडून बसला होता. म्हणजे लाईन आधीच उसवलेली, आणि त्यातला अनुभवी माणूस काढून दिला.

माझी अडचण इथे आहे. हातात चांगला पर्याय नसताना असं का करतात? फक्त खेळ वाईट होता म्हणून, की पैशांचं काही गणित होतं? आणि टीव्हीवर सामना बघून टॅकलची चूक नेमकी किती, हे माझ्यासारखीने कसं ओळखायचं? सॅकचे आकडे मिळतात, पण तेवढ्यावर एका माणसाबद्दल लिहायला मन धजत नाही.

प्रतिसाद: पगारपत्रक

पैशांचं सांगतो, कारण अर्धं उत्तर तिथेच आहे.

२०१३ मध्ये प्रत्येक संघाला पगाराची कमाल मर्यादा १२ कोटी ३० लाख डॉलर होती. खेळाडूला करारावर सही करताना जो बोनस मिळतो, तो हिशेबात जास्तीत जास्त पाच वर्षांवर विभागून दाखवतात. ब्राउनला कार्डिनल्सनी मार्च २०१२ मध्ये मोकळं करून लगेच नव्या करारावर परत घेतलं होतं. अशा खेळाडूला ट्रेड केलं की बोनसचा उरलेला सगळा भाग जुन्या संघाच्याच डोक्यावर बसतो. १ जूननंतर ट्रेड केला तर त्या वर्षाचा हिस्सा त्या वर्षी आणि बाकीचा पुढच्या वर्षी. खेळाडू गेला तरी त्याचा बोजा राहतो. एवढं सोसायला संघ तयार होतो, तेव्हा त्याच्यावरचा विश्वास उडालाय असं समजा.

मग सरळ काढून का टाकलं नाही? चार हंगाम पुरे केलेला खेळाडू पहिल्या आठवड्यात संघात असेल आणि नंतर त्याला काढलं, तर करारानुसार तो हंगामाचा उरलेला मूळ पगार मागू शकतो. ट्रेड केला तर उरलेल्या आठवड्यांचा पगार नवा संघ देतो. म्हणून बदल्यात काहीही न मिळालेला ट्रेडही काढून टाकण्यापेक्षा स्वस्त पडतो. ‘फुकट दिला’ असं लेखात लिहिलंत तर ते अपुरं होईल.

प्रतिसाद: तीन नद्या

मी पिट्सबर्गचा, त्यामुळे आमची बाजू. २९ सप्टेंबरला लंडनला वेम्ब्लीवर व्हायकिंग्जकडून ३४-२७ असे हरलो आणि ०-४ झालो. सेंटर (लाईनच्या मधोमध उभा राहणारा) मॉरकिस पाउन्सी पहिल्याच सामन्यात गुडघा गमावून बसला होता. डावा टॅकल माइक अॅडम्सच्या बाजूने लोक आमचा क्वार्टरबॅक बेन रॉथलिसबर्गरवर येऊन आदळत होते. त्याच आठवड्यात ब्राउनचा ट्रेड झाला. आमचा आक्रमणाचा कोऑर्डिनेटर टॉड हेली कधीकाळी कार्डिनल्सकडेच होता, ब्राउनच्या पहिल्या दोन वर्षांत. ओळखीच्या माणसावर लावलेला डाव होता तो.

पुढचं तुम्हाला माहीत असेलच, पण लेखात ते नीट यायला हवं. एक आठवडा सुट्टीचा गेला. १३ ऑक्टोबरला जेट्सविरुद्ध सामना. सामन्याआधी अंग मोकळं करतानाच त्याचा ट्रायसेप्स पुन्हा फाटला. स्टीलर्ससाठी तो एकही डाव खेळला नाही आणि त्यानंतर एनएफएलमध्येही कधी दिसला नाही. डावीकडे केल्विन बीचम उभा राहिला. सातव्या फेरीत घेतलेला आणि टॅकल म्हणून अंगाने लहान म्हटला जाणारा, पण टिकला. ०-४ वरून आम्ही ८-८ पर्यंत आलो. हाच बीचम पुढे कित्येक हंगाम तुमच्या कार्डिनल्सकडे खेळला.

प्रतिसाद: चौथा डाउन

एवढं कशाला? पाचव्या क्रमांकाचा पिक वाया गेला, शेवटी शेवटच्या फेरीच्या भावात गेला. फसलेली निवड. एका परिच्छेदात संपतं.

प्रतिसाद: कोपरारक्षक

चौथा डाउन, तुमच्याशी मी सहमत नाही. त्याच महिन्यातले बाकीचे ट्रेड बघा.

ज्या दिवसांत ब्राउन गेला, त्याच दिवसांत जॅक्सनव्हिलने युजीन मनरो हा डावा टॅकल बाल्टिमोरला दिला, चौथ्या आणि पाचव्या फेरीच्या पिकवर. मनरोही वरच्या क्रमांकाचाच, २००९ चा आठवा. तो आल्यावर बाल्टिमोरने ब्रायंट मॅकिनीला मायामीकडे पाठवलं, बदल्यात पुन्हा उशिराचा सशर्त पिक. मॅकिनी चौतीस वर्षांचा, आणि त्याच फेब्रुवारीत सुपर बोल जिंकलेल्या लाईनचा डावा टॅकल! आठ महिन्यांत त्याची किंमत एवढी उतरली. मायामीत तो खेळला, पण त्या हंगामात त्यांच्या क्वार्टरबॅकना ५८ वेळा सॅक झालं. आणि जॅक्सनव्हिल? मनरोच्या जागी त्यांनी ल्यूक जोकेलला डावीकडे आणलं, जो त्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये दुसरा होता. त्या जागी पहिल्याच सामन्यात त्याचा घोटा मोडला.

एकाच महिन्यात तीन डावे टॅकल, सगळे पहिल्या फेरीत निवडलेले. मनरोला किंमत मिळाली कारण तो तरुण होता आणि बरा खेळत होता. पडत्या खेळाडूचा भाव त्याच्या जुन्या ड्राफ्ट क्रमांकावर ठरत नाही. समोरच्याची गरज किती आणि पगार कोण भरणार, यावर ठरतो.

आता टॅकलकडे बघायचं कसं. प्रशिक्षकांसाठीचं उंचावरून घेतलेलं, बावीसही खेळाडू दिसणारं चित्रण २०१२ पासून सामान्य प्रेक्षकांनाही मिळतं. ते मिळवाच, टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे जातो आणि लाईन सुटते. चेंडूकडे अजिबात बघू नका. आधी टॅकलचे पाय बघा: पहिलं मागचं पाऊल वेळेवर पडतंय का? हल्ला करणारा कडेने वेगात येत असेल आणि टॅकल कमरेतून वळून त्याच्या मागे धावत असेल, तर पाय हरलेत. मग हात: छातीवर आतल्या बाजूने धक्का बसतोय, की हात बाहेरून गळ्यात पडतायत? सगळ्यात शेवटी क्वार्टरबॅकने चेंडू किती वेळ धरला ते मोजा. एरियन्सचं आक्रमण लांब फेकीचं. क्वार्टरबॅक खोलवर मागे जातो, चेंडू उशिरा सुटतो, आणि टॅकल एकटा पडतो. साडेतीन सेकंदांनी झालेला सॅक सगळा टॅकलच्या नावावर लिहू नका.

अजून एक. दोन हल्लेखोर एकमेकांना ओलांडून जागा बदलतात, तेव्हा आपल्या कबड्डीतल्या साखळीसारखं असतं: हात सुटला तर चूक कोपऱ्याची की शेजारच्याची, हे लांबून पटकन कळत नाही. ब्राउनच्या शेजारी कोण होतं तेही बघा.

ट्रायसेप्सचंही लिहा. कोपर सरळ करणारा हाच स्नायू. टॅकलचा धक्का आणि हात ताठ ठेवून माणसाला लांब रोखणं, दोन्ही त्यावरच चालतं. वर्षभराच्या दुखापतीनंतर पहिल्याच सामन्यात समोर क्विन, ज्याने त्या हंगामात १९ सॅक केले. त्या वर्षी क्विनपुढे पुष्कळ टॅकल उघडे पडले.

मूळ लेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार. पगाराचा मुद्दा मला अजिबात ठाऊक नव्हता, आणि त्या महिन्यातले तीन ट्रेड शेजारी ठेवले की चित्रच बदलतं. लेख आता त्या ऑक्टोबरवरच उभा करते, मधोमध ब्राउन.

चौथा डाउन, तुमचं म्हणणं मी वाचलं, पण एका परिच्छेदाला माझी तयारी नाही. निवड फसली हे मान्य. तरी तो पाच हंगाम रोज त्या जागी उभा राहिला, सुपर बोलच्या लाईनमध्ये होता, आणि हात जायबंदी झाल्यावर परत आला. तेही त्याच्या नावावर लागायला हवं.

ट्रेडबद्दल माझं मत आता असं होतंय: काइम आणि एरियन्सनी तेव्हा सोवेलला चांगला टॅकल समजून जागा दिली नाही, ब्राउन सावरणार नाही असं समजून दिली. सोवेल धडपडला, तरी संघ १०-६ वर गेला, प्लेऑफ (बाद फेरी) मात्र हुकला. पुढच्या मार्चमध्ये त्यांनी जॅरेड वेल्डहीरला आणून जागा खऱ्या अर्थाने भरली आणि २०१४ मध्ये ११-५ केलं. म्हणजे ट्रेडने प्रश्न सुटला नाही, फक्त लपवणं थांबलं. पटतंय का, की मी निकाल माहीत असल्यामुळे असं म्हणतेय?

प्रतिसाद: कोपरारक्षक

बरंचसं पटतं. पण रॅम्सचा सामना बघितल्याशिवाय ‘सावरणार नाही’ लिहू नका. आणि फक्त तो एक बघून थांबू नका. पुढचे तीनही बघा, लायन्स, सेंट्स आणि बक्स. पाय सुधारत होते की नाही ते तिथेच कळेल.

मूळ लेखिका

बरोबर आहे. चारही सामने बघते. कोणाकडे त्या चार सामन्यांचं उंचावरचं चित्रण असेल आणि ऑनलाइन एकत्र बसून बघायची तयारी असेल, तर कृपया इथेच लिहा. शनिवारी सकाळी, अॅरिझोनाच्या वेळेने, मी कधीही बसू शकते. पिट्सबर्गकर असतील तर फारच छान, अॅडम्सचा लंडनचा सामनाही लगेच बघून घेऊ.