आधी ओळख पटवा, मग एन्क्रिप्ट करा: डेटा क्लस्टरच्या सुरक्षेचा क्रम कोणता?

रात्रपाळी (धागाकर्ता)

हडूपच्या क्लस्टरवर, म्हणजे मोठा डेटा वाटून साठवणाऱ्या आणि त्यावर जॉब चालवणाऱ्या मशीनांच्या समूहावर, सुरक्षेचा विषय निघाला की पहिलं नाव एन्क्रिप्शनचं येतं. डिस्क एन्क्रिप्ट होतात, वेबपानांवर टीएलएस (वाटेतला मजकूर एन्क्रिप्ट करणारी सोय) बसतं, ऑडिटच्या तक्त्यात खुणा होतात आणि विषय संपतो. कर्बेरॉसचं (तिकिटं देऊन प्रत्येकाची ओळख पटवणाऱ्या व्यवस्थेचं) काय, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: पुढच्या तिमाहीत बघू, सध्या क्लस्टर आतल्या नेटवर्कमध्येच आहे.

माझं ठाम मत आहे की हा क्रम उलटा आहे आणि त्यामुळे केलेलं बरंचसं काम पाण्यात जातं.

कर्बेरॉस चालू नसेल तेव्हा नेमनोड (कुठली फाइल कुठे आहे याची नोंद ठेवणारा मुख्य सर्व्हर) समोरच्याचं नाव ऐकतो आणि ते खरं मानतो. पुरावा मागतच नाही. करून बघायचं असेल तर चाचणीच्या क्लस्टरवर बघा. आपल्या मशीनवर हडूपचा क्लायंट टाका, 'हडूप युजर नेम' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये 'एचडीएफएस' (सगळे अधिकार असलेल्या युजरचं नाव) लिहा आणि एखादी फोल्डर उडवायची कमांड चालवा. फोल्डर उडते. पासवर्ड लागला नाही, कुठली त्रुटी वापरावी लागली नाही, फक्त एका ओळीत दुसऱ्याचं नाव लिहिलं. तिकडे फाइलींच्या यादीत मालक, गट, परवानग्या सगळं शिस्तीत दिसत असतं आणि बघणाऱ्याला वाटतं की बंदोबस्त आहे.

आता यावर एन्क्रिप्शन चढवा. हडूप २.६ पासून एचडीएफएसमध्ये, म्हणजे हडूपच्या फाइल व्यवस्थेत, एन्क्रिप्शन झोन (आतल्या फाइली एन्क्रिप्ट होतात अशा फोल्डर) आहेत. फाइलीची किल्ली झोनच्या किल्लीने गुंडाळलेली असते आणि ती उलगडून द्यायचं काम केएमएस (किल्ल्या सांभाळणारा सर्व्हर) करतो. पण केएमएससुद्धा साध्या पद्धतीवर सोडला असेल तर तोही सांगितलेलं नावच खरं मानतो. ज्याला परवानगी आहे त्याचं नाव लावा, किल्ली हातात येते. रेंजरच्या, म्हणजे कुणाला काय वाचता येईल हे ठरवणाऱ्या साधनाच्या, पॉलिसींचंही तेच. 'अमुक गटाला हे टेबल वाचू दे' हा नियम कितीही बारकाईने लिहिला, तरी 'अमुक' म्हणवणारा खरंच अमुक आहे का, हे आधी कुणीतरी तपासलेलं असावं लागतं.

कर्बेरॉसचा आधार हडूपमध्ये २०११ च्या डिसेंबरात आलेल्या १.० आवृत्तीपासून आहे. म्हणजे सोय नाही म्हणून अडलंय असं नाही. मतं मांडा.

पठार

असहमत. तुम्ही धोका बरोबर सांगितलात, पण उपाय सगळ्यांच्या गळ्यात मारू नका.

कर्बेरॉस चालू करणं म्हणजे एक सेटिंग बदलणं नव्हे. केडीसी (तिकिटं देणारा कर्बेरॉसचा सर्व्हर) उभा करा, तो पडला तर सगळं थांबतं म्हणून दुसरा उभा करा. प्रत्येक मशीनवरच्या प्रत्येक सेवेसाठी वेगळं प्रिन्सिपल (कर्बेरॉसमधलं नाव) आणि वेगळी कीटॅब (त्या नावाची गुप्त किल्ली ठेवलेली फाइल). डीएनएस दोन्ही बाजूंनी (नावावरून पत्ता, पत्त्यावरून नाव) जुळलं पाहिजे. घड्याळांत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की तिकीट नाकारलं जातं. आणि बिघडलं की पडद्यावर येतं 'जीएसएस इनिशिएट फेल्ड'. घड्याळ चुकलं तरी तेच, डीएनएस चुकलं तरी तेच, तिकीट संपलं तरी तेच. चार माणसांच्या टीमने रात्री दोनला यातलं नेमकं काय झालंय ते कसं शोधायचं?

आमच्याकडे एज नोड (लोक लॉगिन करतात ते कडेचं मशीन) सोडून कुठूनही नेमनोड किंवा डेटानोडपर्यंत (डेटा साठवणाऱ्या मशीनपर्यंत) वाटच नाही. बाहेरच्या वेब विनंत्या नॉक्सच्या गेटवेमधून येतात, तिथे एलडॅपने (युजरच्या मध्यवर्ती यादीवरून) ओळख तपासली जाते. एज नोडवर एसएसएच (दुरून लॉगिन) आहे, तेही आमच्याच लोकांना. लॅपटॉपवर क्लायंट टाकून उडवाउडवी करणाऱ्याचं पॅकेट पोचणारच नाही. लहान टीमला एवढं पुरतं.

अनुजा_के

पठार, २०१७ च्या सुरुवातीला मोंगोडीबी, मग इलॅस्टिकसर्च आणि त्यापाठोपाठ हडूपच्या उघड्या क्लस्टरवरचा डेटा पुसून टाकल्याच्या घटना आठवून बघा. २०१८ मध्ये डीमनबॉट (उघडे क्लस्टर काबीज करणारा बॉट) आला. यार्नच्या (हडूपमध्ये जॉब वाटून चालवणाऱ्या भागाच्या) रिसोर्स मॅनेजरचा ८०८८ पोर्ट उघडा सापडला की त्याच्या रेस्ट एपीआयवर नवीन ॲप्लिकेशन पाठवायचं, त्यात हवी ती शेल कमांड टाकायची, यार्न ती इमानदारीने चालवतो. हेच तंत्र वापरून क्रिप्टो मायनिंगवाल्यांनीही भरपूर क्लस्टर राबवले. त्या क्लस्टरवाल्यांनाही 'आपण आतल्या नेटवर्कमध्ये आहोत' असंच वाटत असणार.

पठार

पण हे उदाहरण माझ्याच बाजूचं आहे ना! ८०८८ इंटरनेटवर उघडा ठेवला म्हणून ते घडलं. फायरवॉलचा एक नियम असता तर डीमनबॉट आला तसा परत गेला असता. त्यासाठी केडीसीची गरज नव्हती.

रात्रपाळी (धागाकर्ता)

डीमनबॉटपुरतं मान्य. पण फायरवॉल बाहेरच्याला अडवते आणि डेटा क्लस्टरचं कामच मुळी आतल्या मशीनवर लोकांचा कोड चालवण्याचं आहे. ॲनालिस्टने दिलेला स्पार्क (डेटावर प्रक्रिया करणारं साधन) जॉब कुठे चालतो? वर्कर नोडवर, म्हणजे तुमच्या भिंतीच्या आत. तिथून नेमनोडपर्यंत वाट असावीच लागते, नाहीतर जॉब फाइल वाचणार कशी? त्या जॉबमध्ये कुणी इंटरनेटवरून उतरवलेलं एखादं पायथन पॅकेज घातलं, तर त्या पॅकेजमध्ये जे काही आहे तेही आतच चालणार. एज नोडवर किती कडक एसएसएच आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

आणखी एक. सुरक्षित मोड नसताना यार्न बहुधा सगळ्यांचे कंटेनर (जॉबचे चालू तुकडे) एकाच लिनक्स युजरखाली चालवतो, नेहमीच्या मांडणीत 'यार्न'च्याच नावाने. मग एका नोडवर शेजारीशेजारी चाललेल्या दोन जॉबना एकमेकांच्या लोकल फाइली वाचता येतात. कर्बेरॉससोबत लिनक्स कंटेनर एक्झिक्युटर लावला की ज्याने जॉब दिला त्याच्याच युजरखाली तो चालतो. भिंतीच्या आत माणसामाणसांत फरक करायचा असेल तर ओळख तपासण्याला दुसरा पर्याय मला तरी दिसत नाही.

ओळंबा

दोघांशीही असहमत, आणि रात्रपाळी यांच्याशी जरा जास्त.

कर्बेरॉस आलं की गड जिंकला, असं तुमच्या मांडणीतून वाटतं. मी पाहिलेल्या कर्बेरॉसवाल्या क्लस्टरांवरची भोकं बहुतेक वेळा अधिकारांच्या वाटपात होती. एका ठिकाणी सामायिक फोल्डरमध्ये ईटीएलच्या (डेटा उचलून, बदलून भरणाऱ्या जॉबच्या) सेवा खात्याची कीटॅब पडलेली, परवानगी ६४४, म्हणजे कुणालाही वाचता येईल अशी. मशीनवर लॉगिन असलेला कुणीही ती उचलून केइनिट (तिकीट मिळवायची कमांड) करणार आणि ईटीएल होणार. वर ऑडिट लॉगमध्ये प्रत्येक ओळीवर एकच नाव, 'ईटीएल'. कागदोपत्री प्रत्येकाची ओळख पटलेली आहे, प्रत्यक्षात कुणी काय केलं हे कुणालाच सांगता येत नाही.

प्रॉक्सी युजरचं तसंच. हाइव्ह (एसक्यूएलने टेबलं वाचायचं साधन), ऊझी (जॉब ठरल्या वेळी चालवणारं साधन) यांना दुसऱ्याच्या नावाने काम करायचा अधिकार द्यावा लागतो. तो कुठल्या होस्टवरून आणि कुठल्या गटांसाठी, हे नेमकं लिहायचं असतं. घाईत दोन्हीकडे चांदणी (*, म्हणजे सगळ्यांना मुभा) टाकली जाते आणि कायमची राहते. मग ती एक सेवा हाती लागली की जवळपास कुणाच्याही नावाने वावरता येतं.

सगळ्यात फसवी गोष्ट कॉलम मास्किंगची. रेंजरमध्ये हाइव्हच्या टेबलावर पॉलिसी लावली, फोन नंबरच्या कॉलमवर मास्क. हाइव्हमधून बघा, शेवटचे चार आकडेच दिसतात. आता तेच टेबल ज्या पार्केट फाइलींवर उभं आहे, त्या स्पार्कमधून थेट वाचा. वेअरहाउसच्या फोल्डरवर त्या माणसाला वाचायची परवानगी राहिली असेल, तर पूर्ण नंबर समोर. हाइव्हचं प्लगइन वाटेत आलंच नाही, तर मास्क लावणार कोण? इलाज आहे: हाइव्हचं 'डू ॲज' (विचारणाऱ्याच्याच नावाने फाइली वाचणं) बंद करा, फाइलींची मालकी फक्त हाइव्हकडे ठेवा, स्पार्कवाल्यांनाही त्याच दारातून यायला लावा. पण तसं केलं की डेटा सायंटिस्ट वेगाच्या तक्रारी घेऊन येतात आणि आठवड्याभरात कुणीतरी फोल्डर पुन्हा उघडून देतं. ही कर्बेरॉसच्या हाताबाहेरची गोष्ट आहे.

पठार

कीटॅब पडून राहते याला कारणही कर्बेरॉसच आहे. जॉब डेलिगेशन टोकनवर (युजरच्या वतीने मिळालेल्या तात्पुरत्या परवान्यावर) चालतो आणि डीफॉल्ट सेटिंगला त्या टोकनचं कमाल आयुष्य सात दिवस. सतत चालणारा स्ट्रीमिंग जॉब आठव्या दिवशी पडतो. उपाय म्हणून स्पार्कला कीटॅब सोबत द्यायची. म्हणजे प्रत्येक टीमकडे कीटॅब आली, ती कुठेतरी ठेवावी लागली, आणि ठेवली सामायिक फोल्डरमध्ये. अवघड व्यवस्था लोकांना आडवाटा शोधायला लावते.

रात्रपाळी (धागाकर्ता)

आठव्या दिवसाचा त्रास खरा आहे. पण कीटॅब ६०० परवानगीने (फक्त मालकाला वाचता येईल अशी), प्रत्येक ॲप्लिकेशनला वेगळी आणि ठराविक काळाने बदलणारी ठेवता येते. हा शिस्तीचा भाग झाला. कर्बेरॉस नसताना कितीही शिस्त पाळली तरी नाव बदलायला एक व्हेरिएबल पुरतो.

ओळंबा यांचा मास्किंगचा मुद्दा मला या धाग्यातला सगळ्यात मोलाचा वाटला. फक्त एवढंच म्हणतो की फोल्डर बंद करायचं झालं तरी ते 'कुणासाठी' बंद हे ठरवायला खरं नाव लागतं.

शून्यप्रहर

एन्क्रिप्शनची बाजू कुणीच घेत नाहीये, म्हणून लिहितो. 'पाण्यात जातं' हे अजिबात पटलं नाही.

एचडीएफएसचा सुपरयुजर परवानग्यांच्या सगळ्या तपासण्यांच्या पलीकडे असतो. कर्बेरॉसने त्याची ओळख पक्की होते, पण त्याचे हात बांधले जात नाहीत. बांधते ती केएमएसची काळी यादी. 'एचडीएफएस' या युजरला किल्ली उलगडायला मनाई करा. तो फाइली हलवेल, कॉपी करेल, पुसेल, पण त्याच्या हाती सांकेतिक मजकूरच लागेल. क्लस्टर चालवणारा आणि डेटा वाचणारा वेगळे ठेवायचे, तर किल्ल्या तिसऱ्याच्या ताब्यात हव्यात. हे काम फक्त एन्क्रिप्शन करू शकतं.

दुसरं म्हणजे डिस्क. मोठ्या क्लस्टरमध्ये डिस्क सतत मरतात आणि बदलून घेतल्या जातात. मेलेली डिस्क पुसता येत नाही, पण तिच्यावरचे ब्लॉक तज्ज्ञाला वाचता येऊ शकतात. तिथे कर्बेरॉस काय करणार?

वेगाची सबबही आता फारशी चालत नाही. एईएस या एन्क्रिप्शन पद्धतीसाठी प्रोसेसरमध्येच सूचना असतात, २०१० पासून इंटेलच्या सर्व्हर चिपांमध्ये आहेत. राहता राहिली एक जागा, जिच्याकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं: शफल (नोडांमधली डेटाची देवाणघेवाण) आणि स्पिल (मेमरीत न मावलेला डेटा डिस्कवर उतरणं). एन्क्रिप्शन झोनमधली फाइल स्पार्कने वाचली की ती उलगडलेली असते. मेमरी अपुरी पडली तर मधला डेटा नोडच्या लोकल डिस्कवर उतरतो, झोनच्या बाहेर, उघडा. स्पार्कचं आयओ एन्क्रिप्शन मुद्दाम चालू करावं लागतं.

रात्रपाळी (धागाकर्ता)

सुपरयुजरचा मुद्दा बिनतोड आहे. पण ती काळी यादी कुणाला अडवते? 'एचडीएफएस' या नावाला. केएमएस नाव तपासत नसेल तर सुपरयुजर दुसऱ्या कुणाचं नाव लावून किल्ली घेईल. प्रवासातल्या डेटाचंही तसंच. आरपीसीचं (मशीनांमधल्या संवादाचं) संरक्षण 'प्रायव्हसी' पातळीवर नेलं तरी ते एसएएसएलवर (जोडणी करताना ओळख पटवणाऱ्या थरावर) चालतं, आणि साध्या ऑथेंटिकेशनमध्ये एसएएसएल मधे येतच नाही. सेटिंग लिहिलेलं राहतं, तारेवरून मजकूर उघडा जातो. म्हणून मी क्रमाबद्दल बोलतोय. एन्क्रिप्शन हवंच, पण ओळख पक्की झाल्यावर.

शून्यप्रहर

केएमएस आणि आरपीसीपुरता क्रम मान्य. डिस्कपुरता नाही. डिस्क एन्क्रिप्शन पहिल्या दिवशी, क्लस्टर रिकामा असतानाच लावायचं. नंतर भरलेल्या क्लस्टरवर ते करणं फार महागात पडतं.

नवखा_२

आता सगळं ऑब्जेक्ट स्टोअरेजवर (क्लाउडमधल्या साठ्यावर) चाललंय, तिथे कर्बेरॉस नसतंच. हा वाद जुना नाही का झाला?

ओळंबा

नाही झाला. मशीनला एक रोल (क्लाउडमधली ओळख आणि तिचे अधिकार) जोडलेला असतो आणि त्यावरचा प्रत्येक जॉब तोच रोल वापरतो. दहा माणसं, एक नाव. वर सांगितलेल्या ईटीएल कीटॅबचाच प्रकार, फक्त जागा बदलली.

पठार

समजा मी तयार झालो. पण आमच्या क्लस्टरवर जुने जॉब ढिगाने आहेत. अर्ध्यांचे मालक सोडून गेलेत, कोण कुठून कुठल्या नावाने येतंय याची यादीच नाही. एचडीएफएसचं कर्बेरॉस थोडं थोडं चालू करता येत नाही, पूर्ण क्लस्टर थांबवून उठवावा लागतो. त्या सकाळी काय काय बंद पडेल हे कुणाला माहीत?

रात्रपाळी (धागाकर्ता)

यादी तुमच्याकडे आहे. नेमनोडच्या ऑडिट लॉगमधली एक ओळ उघडून बघा: युजरचं नाव, त्याच्या पुढे कंसात 'ऑथ: सिंपल', मग आयपी, कमांड आणि फाइलीचा पत्ता. महिन्याभराचा लॉग घ्या, नाव आणि आयपी यांच्या जोड्या पाडा. एकच नाव भलत्याच मशीनवरून येताना दिसलं की आधी तिथे जाऊन बघा. महिनाअखेरचे जॉब सुटू नयेत म्हणून लॉग पूर्ण महिन्याचा हवाच.

ओळंबा

आणि त्याच फेरीत प्रॉक्सी युजरच्या चांदण्याही काढा. क्लस्टर उठवायच्या आधी, नंतर नको.

पठार

लॉग काढतो. फायरवॉल पहिली हे माझं मत तसंच आहे, पण एज नोडवरून 'एचडीएफएस' नावाने कोण येतंय ते मलाही बघायचंय. जोड्या पाडल्या की इथेच टाकतो.