मदत हवी आहे: जुन्या सन वर्कस्टेशनवर बाहेरचा सीडीरॉम ड्राइव्ह बूट होत नाही

खटपट्या:
नमस्कार मंडळी. दोन रात्री यात गेल्या, आता तुम्हालाच विचारतो. सन कंपनीचं जुनं वर्कस्टेशन आहे. त्याला बाहेरून स्कझी (एकाच केबलवर अनेक ड्राइव्ह जोडायची जुनी पद्धत) सीडीरॉम ड्राइव्ह जोडला. ड्राइव्ह ठणठणीत आहे, पीसीवर कुठलीही सीडी वाचतो. इथे मात्र सोलारिसच्या (सनच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या) सीडीवरून मशीन बूट होत नाही. केबल बदलून झाली, सीडी पुन्हा लिहून झाली. नेमकं काय करायचं तेवढं सांगा, शनिवारच्या आत काम उरकायचं आहे.

निळीकेबल:
मॉडेल कोणतं? ड्राइव्हचा आयडी, म्हणजे केबलवरचा त्याचा क्रमांक, किती ठेवलाय? केबलच्या शेवटी लागणारा टर्मिनेटर लावलाय का? पडद्यावर शब्दशः काय येतं? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

अण्णा_१०२४:
माझ्या अल्ट्रा ५ मध्ये मी पीसीतला ड्राइव्ह काढून बसवला, पहिल्या झटक्यात चालला. तुमची सीडीच खराब लिहिली गेली असणार. कमी वेगात लिहून बघा.

निळीकेबल:
अण्णा, अल्ट्रा ५ मध्ये आयडीई, म्हणजे पीसीसारख्याच जोडणीचा, ड्राइव्ह असतो. इथे स्कझीचा प्रश्न आहे, दोन्हींची गल्लत नको.

गौरी_प:
"पुन्हा लिहिली" म्हणजे सीडी-आरडब्ल्यू आहे का? त्या चकतीवरून प्रकाश फार कमी परततो, जुन्या ड्राइव्हना ती दिसतच नाही. सीडी-आर घ्या.

खटपट्या:
सीडी-आरच आहे, दुसरी कोरी घेऊन लिहिली. मशीन स्पार्कस्टेशन ५. आयडी ६. शेवटच्या डब्याला टर्मिनेटर आहे. ओके प्रॉम्प्टवर (सोलारिस चढण्याआधी आज्ञा देता येतात तिथे) "प्रोब-स्कझी" दिलं की टार्गेट ६ ला ड्राइव्ह नावासकट दिसतो. "बूट सीडीरॉम" दिलं की "बॅड मॅजिक नंबर इन डिस्क लेबल" आणि खाली "कान्ट ओपन डिस्क लेबल पॅकेज". हे सगळं लिहायचं राहिलं खरं, पण ड्राइव्ह दिसतोय म्हणजे जोडणी बरोबर आहे ना?

निळीकेबल:
जोडणी बरोबर आहे. घोळ ब्लॉकच्या, म्हणजे ड्राइव्ह एका वेळी देतो त्या डेटाच्या तुकड्याच्या, लांबीचा आहे. पीसीसाठीचे ड्राइव्ह चालू होताना २०४८ बाइटचा ब्लॉक धरतात. तुमच्या मशीनचा प्रॉम (चालू होताच चालणारा चिपमधला प्रोग्रॅम) सीडीला हार्डडिस्कसारखंच वागवतो, म्हणजे ५१२ बाइटचा ब्लॉक मागतो. सनचं डिस्क लेबल, म्हणजे डिस्कच्या विभागांची नोंद, पहिल्या ५१२ बाइटमध्ये बसतं आणि त्याच्या शेवटाला मॅजिक नंबर, म्हणजे ओळख पटवणारा ठरावीक आकडा, असतो. ड्राइव्ह २०४८ च्या मापाने उत्तर देतो, हिशेब चुकतो आणि प्रॉम तक्रार करतो. सोलारिस एकदा चढलं की त्याचा ड्रायव्हर "मोड सिलेक्ट" ही आज्ञा देऊन ड्राइव्हला ५१२ वर आणू शकतो. प्रॉम ती देत नाही. म्हणून ड्राइव्ह चालू होतानाच ५१२ वर हवा.

मागच्या बाजूला आयडीच्या पिनांशेजारी आणखी एखादा जंपर (दोन पिना जोडणारं छोटं टोपण) आहे का बघा. प्लेक्स्टरच्या बऱ्याच स्कझी ड्राइव्हवर ब्लॉकचा जंपर असतो. सन स्वतः सोनी आणि तोशिबाचे ड्राइव्ह आपल्या नावाने द्यायचा, ते मुळातच ५१२ चे.

अण्णा_१०२४:
मग सीडीच ५१२ च्या ब्लॉकने लिहा की. लिहिणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पर्याय असतो.

निळीकेबल:
नाही हो अण्णा. डेटा सीडीवरचा सेक्टर २०४८ चाच राहतो. ५१२ वाला ड्राइव्ह त्याच सेक्टरचे चार तुकडे करून मशीनला देतो. सीडी तीच राहते, फरक ड्राइव्हच्या बोलण्यात असतो. उगाच दहा सीडी वाया जातील.

यमन:
माझं ऐका, खऱ्या ड्राइव्हचा नाद सोडा. ब्लूस्कझी किंवा झुलूस्कझी हे स्कझी ड्राइव्हची नक्कल करणारे बोर्ड घ्या, मेमरी कार्डावर आयएसओ (सीडीची फाइल) टाका, काम संपलं. ना लेन्स, ना मोटर. माझ्या तीन मशीनमध्ये तेच आहे.

निळीकेबल:
त्यांना शनिवारच्या आत हवंय. ते मागवून हातात कधी पडणार? आणि तिथेही ब्लॉकची लांबी बघावी लागतेच.

यमन:
बघावी लागते, पण ती सेटिंगमध्ये लिहिता येते. डाग द्यायचं यंत्र घेऊन सर्किट उकरत बसण्यापेक्षा बरं.

रेशीमधागा:
एसजीआय कंपनीच्या इंडी वर्कस्टेशनवाल्यांनाही हीच अडचण येते. त्यांच्या आयरिक्स सिस्टीमच्या सीडीवर ईएफएस ही त्यांची स्वतःची फाइलसिस्टीम असते आणि ड्राइव्ह ५१२ ला तयार हवा. एसजीआयने तोशिबाच्या ड्राइव्हमध्ये खास फर्मवेअर घातलं होतं, त्यामुळे गाण्याची सीडी थेट स्कझी केबलमधून अंकीय स्वरूपात वाचता यायची. ऐकण्यासाठी वेगळी ऑडिओ वायर लागत नसे. मी त्यावर खूप रेकॉर्डिंग उतरवली आहेत. कुणाला हवी असल्यास कृती देईन.

खटपट्या:
गाणी नकोत हो, बूट हवंय. ड्राइव्हवर आयडी, पॅरिटी आणि टर्मिनेशन एवढेच जंपर आहेत. ब्लॉकचा नाही.

गौरी_प:
एक विचारू का? हार्डडिस्क कोरी आहे का? सोलारिस नव्याने घालायचंय की आधीचं काही आहे?

खटपट्या:
आधीचं सोलारिस २.६ आहे, नीट चढतं. फक्त रूटचा (सगळे अधिकार असलेल्या खात्याचा) पासवर्ड कुणालाच माहीत नाही. सरांच्या प्रयोगांची अकरा वर्षांची मोजमापं त्यावर आहेत, त्यांच्या लॉगिनखाली. सर आता नाहीत. सीडीवरून सिंगल यूझरमध्ये (दुरुस्तीसाठीच्या अवस्थेत) जाऊन पासवर्ड काढायचा एवढाच बेत आहे.

गौरी_प:
हे आधी सांगायला हवं होतं! मग सीडी हे पहिलं काम नव्हेच. आधी डिस्कची प्रत घ्या. स्पार्कस्टेशन ५ च्या डिस्क ८० पिनांच्या एससीए जोडणीच्या असतात. अडॅप्टर लावून स्कझी कार्ड असलेल्या लिनक्स मशीनला जोडा आणि "डीडी" या आज्ञेने अख्खी डिस्क फाइलमध्ये उतरवा. लिनक्सला सनचं डिस्क लेबल कळतं. ती प्रत "यूएफएस" (सोलारिसची फाइलसिस्टीम) प्रकाराने, "यूएफएसटाइप" "सन" देऊन, फक्त वाचण्यापुरती माउंट करा. पासवर्ड कुणी विचारणार नाही. इतकी जुनी डिस्क, पुन्हा एकदा फिरेल याचा भरवसा नाही.

अण्णा_१०२४:
मग तिथेच शॅडो फाइलमधला (पासवर्ड ठेवायच्या फाइलमधला) पासवर्ड खोडा आणि डिस्क परत लावा.

गौरी_प:
अण्णा, मूळ डिस्कवर लिनक्समधून यूएफएस लिहायला जाऊ नका. वाचणं ठीक. लिहिणं त्या मशीनच्याच सोलारिसला करू द्या.

खटपट्या:
प्रत घेतो. पण मशीन चालूही लागेल. मोजमापं उलगडणारा प्रोग्रॅम त्याच मशीनवर चालतो, त्याचा परवाना होस्ट आयडीला, म्हणजे मशीनच्या ओळख क्रमांकाला, बांधलेला आहे.

निळीकेबल:
मग आत्ताच्या आत्ता "बॅनर" आज्ञा देऊन होस्ट आयडी आणि ईथरनेट पत्ता कागदावर लिहून ठेवा! दोन्ही एनव्हीरॅमच्या (बॅटरीवर माहिती टिकवणाऱ्या) चिपमध्ये असतात आणि बॅटरी त्या चिपच्या पोटातच असते. ती संपली की होस्ट आयडी गेला आणि त्याबरोबर परवानाही. लिहिलेला असेल तर ओके प्रॉम्प्टवरून परत भरता येतो.

शिवाय बूटसाठी सीडी लागतेच असं नाही. "बूट नेट" करा, म्हणजे नेटवर्कवरून बूट करा. दुसऱ्या मशीनवर रार्प, टीएफटीपी, बूटपॅरॅम्स आणि एनएफएस या सेवा लागतात. पत्ता १९२.१६८.१.५ असेल तर टीएफटीपीच्या फाइलचं नाव सी०ए८०१०५.सन४एम.

यमन:
चार सेवा उभ्या करण्यापेक्षा ब्लूस्कझी सोपं नाही का?

निळीकेबल:
हातात असेल तर सोपं. नसेल तर नाही.

खटपट्या:
शुक्रवार रात्र. प्रत झाली. दोन ठिकाणी डिस्क अडखळली, पण "डीडी"ला चुकांवर न थांबण्याचा पर्याय दिला होता म्हणून शेवटपर्यंत गेली. सरांच्या फोल्डरमधल्या सगळ्या फाइली उघडून पाहिल्या, शाबूत आहेत. होस्ट आयडी लिहून मशीनवर चिकटवला. गौरीताई, तुम्ही विचारलं नसतं तर मी थेट मूळ डिस्कवरच हात घातला असता.

ड्राइव्ह एका मित्राकडे मिळाला, प्लेक्स्टरचा, ब्लॉकच्या जंपरसकट. जंपर लावला, आयडी ६, "बूट सीडीरॉम -एस", आणि तीच सीडी बूट झाली. "एफएससीके"ने डिस्क तपासून मूळ (रूट) विभाजन /ए वर माउंट केलं. व्हीआय हा एडिटर उघडेना, तेव्हा टर्म (पडद्याचा प्रकार) "सन" ठेवून एक्सपोर्ट करावं लागलं. /ए/ईटीसी/शॅडो मध्ये रूटच्या ओळीतला दुसरा रकाना रिकामा केला. आता रूट म्हणून आत आहे आणि सरांचा प्रोग्रॅम चालतोय. निळीकेबलकाका, मनापासून आभार.

निळीकेबल:
छान झालं. रूटला नवा पासवर्ड लगेच द्या, रिकामा ठेवू नका. आणि ती प्रत आणखी एका ठिकाणी ठेवा.

रेशीमधागा:
तो जुना ड्राइव्ह आता नको असेल तर मला चालेल. नेटबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टीम चढलेल्या मशीनवर २०४८ चा ड्राइव्ह मला पुरतो.

मोरपीस:
याच धाग्यात विचारते. माझ्याकडे आयबीएमचं आरएस/६००० आहे, एआयएक्स या त्याच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या सीडीवरून बूट होत नाही. ड्राइव्ह पीसीवर चालतो. काय करू?

निळीकेबल:
मॉडेल कोणतं? पडद्यावर काय येतं? ड्राइव्हवर ब्लॉकचा जंपर आहे का?