'इन्विन्सिबल शील्ड'बद्दल थोडी भर

म्हाताऱ्या बँडचे चाहते काहीही आलं तरी डोक्यावर घेतात, असं या अल्बमच्या कौतुकावर कुणी म्हणतं, ते काही पटलं नाही बुवा. ज्युडास प्रीस्ट या हेवी मेटल बँडच्या 'नॉस्ट्राडेमस' अल्बमवर (२००८) याच चाहत्यांपैकी कितीतरी जणांनी नाकं मुरडली होती की! त्यांचा 'इन्विन्सिबल शील्ड' (२०२४) गाजला तो स्वतःच्या जोरावर. त्यातल्या 'पॅनिक अटॅक' गाण्याची सुरुवात ऐका: आधी त्यांच्याच 'टर्बो' या जुन्या अल्बमच्या काळातल्या सिंथ गिटारची (सिंथेसायझरसारखा आवाज देणाऱ्या गिटारची) आठवण, मग स्कॉट ट्रॅव्हिसचे ड्रम्स सुसाट सुटतात. गायक हॅलफर्ड तेव्हा ७२ वर्षांचा, तरी वरच्या पट्टीत काय खणखणीत लागतो! गिटारिस्ट टिप्टनला पार्किन्सन्सचा आजार आहे, पण गाणी रचण्यात त्याचा हात आहेच. मला विचाराल तर त्याआधीचा 'फायरपॉवर' (२०१८) कणभर सरस, भरतीची दोन-तीन गाणी सोडली तर. आणि हो, दुसरा गिटारिस्ट फॉकनरचे गिटार सोलो मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, प्लीज.