बार्बाडोस: दिवसभराच्या भटकंतीचे अनुभव लिहा

डिसेंबरात बार्बाडोसला जायचं ठरलंय, हॉटेल दक्षिण किनाऱ्यावर घेतलंय. "दहा प्रेक्षणीय स्थळं" छाप याद्या नेटवर ढिगाने पडल्यात, पण सकाळी उठून कुठली बस धरायची, किती वाजता परत फिरायचं, सासूबाईंना झेपेल का, शाकाहारी माणसाने काय खायचं, हे कुणीच सांगत नाही. बेट जेमतेम ३४ किलोमीटर लांब आणि २३ रुंद, त्यामुळे आमच्या ह्यांचं म्हणणं की दोन दिवसात सगळं उरकेल. मला काही पटत नाहीये. जे जाऊन आलेत त्यांनी सविस्तर लिहा, फाटे फोडले तरी चालतील.

लंडनची सुमी
ह्यांना सांग, नकाशावरचे किलोमीटर मोजू नका. आतले रस्ते अरुंद, वळणाचे, दोन्ही बाजूला ऊस, त्यामुळे पुढचं काही दिसत नाही. एका दिवशी एकच दिशा धरायची.

आम्ही सगळं बसनेच केलं. तीन प्रकार असतात, निळी सरकारी बस पिवळ्या पट्ट्याची, पिवळी मिनीबस निळ्या पट्ट्याची, आणि पांढरी व्हॅन मरून पट्ट्याची, जिच्या नंबरप्लेटवर झेडआर असतं म्हणून तिला सगळे झेडआरच म्हणतात. झेडआर म्हणजे साताऱ्याकडची वडापच समज, दोघांच्या सीटवर तिसरा, गाणी एवढी मोठ्याने की खिडकी थरथरते, आणि कंडक्टर "अजून एक बसेल" म्हणत दारात लोंबकळतोय. भाडं आम्ही गेलो तेव्हा साडेतीन बार्बाडोस डॉलर होतं, जवळ जा नाहीतर टोकाला जा. सरकारी बसमध्ये नेमके सुट्टे लागतात, उरलेले परत मिळत नाहीत, झेडआरवाला देतो. दुकानात अमेरिकन डॉलर चालतात (एकाचे दोन, हिशोब सोपा) पण बससाठी तिथलेच ठेवायचे.

स्टॉपच्या पाटीवर फक्त "टू सिटी" किंवा "आउट ऑफ सिटी" लिहिलेलं असतं, सिटी म्हणजे राजधानी ब्रिजटाऊन. हात दाखवल्याशिवाय बस थांबत नाही. दक्षिण आणि पूर्वेच्या गाड्या फेअरचाइल्ड स्ट्रीटवरून सुटतात, पश्चिम किनाऱ्याने स्पेट्सटाऊनकडे जाणाऱ्या प्रिन्सेस अ‍ॅलिसवरून. ही दोन टर्मिनल गावाच्या दोन टोकांना आहेत, मधे चालत जाता येतं पण उन्हाचं जरा लांब वाटतं. आणि हो, चढताना "गुड मॉर्निंग" म्हणायचं, सगळेच म्हणतात. आपण गुपचूप जाऊन बसलो की शिष्ट वाटतो.

टोरांटोकर
सासूबाई बरोबर असतील तर गाडी घ्याच. डावीकडून चालवतात म्हणजे आपल्याला सोपं, फक्त तिथलं व्हिजिटर परमिट लागतं, ते गाडी देणारेच काढून देतात. भाड्याच्या गाडीची नंबरप्लेट एचने सुरू होते, त्यामुळे आपण पाहुणे हे सगळ्यांना कळतं आणि लोक थांबून वाट देतात. हॉर्नची टुक म्हणजे थँक्यू, भांडण नव्हे.
हायवेवरच्या गोल चौकांना सोबर्स, वॉलकॉट, वीक्स अशी तिथल्या क्रिकेटपटूंची नावं आहेत. माझे बाबा (वय ७४, मूळ दादर) प्रत्येक चौकात त्या त्या माणसाची कारकीर्द ऐकवत होते आणि मी एक्झिट शोधत होतो.
एक नक्की लक्षात ठेवा, सहाच्या सुमारास सूर्य बुडतो आणि संधिप्रकाश जवळजवळ नसतोच. आतल्या भागात दिवे कमी. आम्ही साडेचारला परत फिरायचो म्हणजे फिरायचोच.

भाकरीभाजी
शाकाहारी हजर! मॅकरोनी पाय (चीज घातलेला, चौकोनी वडीसारखा कापून देतात), तळलेली केळी, राइस अँड पीज, आणि रस्त्यात रास्ताफारी पंथाच्या लोकांची इटल (म्हणजे त्यांचं शाकाहारी) जेवणाची दुकानं दिसली तर सोडू नका. बटाटा-चण्याची रोटी मिळते, त्रिनिदादकडून आलेली, पोळीत गुंडाळलेली करीच म्हणा ना. राइस अँड पीजमध्ये खारवलेलं मांस असू शकतं, विचारून घ्या. पिवळा पेपर सॉस मात्र थेंबभरच, आपल्या ठेच्याची सवय तिथे कामाला येत नाही.

दर्यावर्दी
मी जहाजावर असतो, ब्रिजटाऊनला जहाज लागलं की हातात पाच-सहा तास. एवढ्यात मी दुसरं काही करत नाही, बंदरातून चालत गावात, पूल ओलांडून कार्लाइल बेच्या बीचवर. पाणी संथ, तळाला बुडालेली जुनी जहाजं, कासवं अगदी जवळून जातात. त्यांना हात लावू नका, खायला घालू नका. टॅक्सीला मीटर नसतो, बसायच्या आधी भाडं ठरवायचं आणि ते कुठल्या डॉलरमधलं तेही विचारायचं, अर्ध्या-दुपटीचा फरक आहे राव.
भाजलेला ब्रेडफ्रूट खा, म्हणजे आपला नीरफणसच. घरी आई तो काप करून तळते, तिथे अख्खा निखाऱ्यावर ठेवतात, साल काळी कोळसा होते आणि आत मऊ पिठूळ गर, वर लोणी.

डोंबिवलीकर
लष्करी ठिपक्यांचे कपडे नेऊ नका, तिथे कायद्याने बंदी आहे, लहान मुलांनासुद्धा. भाच्याची हाफपँट मी आयत्या वेळी बॅगेतून काढायला लावली.

गल्लीक्रिकेट
२०२४ च्या टी-२० वर्ल्डकप फायनलला ब्रिजटाऊनच्या केन्सिंग्टन ओव्हल मैदानावर होतो. आफ्रिकेला ३० चेंडूत ३० हव्या होत्या तेव्हा माझ्या शेजारचा नागपूरचा माणूस उठून बाहेर गेला, परत आला तोवर सूर्याने कॅच घेतलेला. ७ धावांनी जिंकलो, २९ जून. पुढची गोष्ट प्लॅनिंगवाल्यांसाठी: लगेच बेरिल चक्रीवादळ आलं, विमानतळ बंद, आपली टीमही अडकली आणि आम्हीही. हॉटेलवाल्याने पाणी, मेणबत्त्या, पाव आधीच आणून ठेवलेले, वादळ दक्षिणेने सरकलं म्हणून बेट बऱ्यापैकी वाचलं, पण कोळ्यांच्या होड्यांचं फार नुकसान झालं, बंदरात एकावर एक चढलेल्या पाहिल्या. जून ते नोव्हेंबर जाणार असाल तर विमा घ्या आणि परतीच्या तारखेला लागून ऑफिसची मीटिंग ठेवू नका. डिसेंबरवाल्यांना हा ताप नाही.
भारतीय पासपोर्टला तिथला व्हिसा लागत नाही, पण मधे अमेरिकेत विमान बदलणार असाल तर तिकडचा लागतो. तिकीट काढायच्या आधी बघा.

समुद्रवेडी
पूर्व किनाऱ्याबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते, बाथशिबाला गेल्याशिवाय परत येऊ नका, फेअरचाइल्ड स्ट्रीटवरून बस जाते, पाऊण-एक तास, शेवटी उतारावरून खाली येताना अचानक अटलांटिक समोर आणि पाण्यात मश्रूमसारखे उभे खडक, खालून लाटांनी पोखरलेले. पण तिथे पोहायचं नाही हं, ओढ भयंकर आहे, खडकांमधल्या डबक्यात बसायचं आणि लाटा बघायच्या. परतीच्या बसची वेळ उतरतानाच ड्रायव्हरला विचारून ठेवा.
उत्तर टोकाला अ‍ॅनिमल फ्लॉवर केव्ह आहे, समुद्र खवळलेला असला की बंद ठेवतात, निघायच्या आधी फोन करा.
बीचवर ज्या झाडाच्या बुंध्याला लाल पट्टा असेल त्याच्या खाली बसायचं नाही. मँचिनील. छोटी हिरवी सफरचंदासारखी फळं, विषारी, आणि पावसात त्याखाली उभं राहिलं तर ठिबकणाऱ्या पाण्यानेसुद्धा फोड येतात. पश्चिमेच्या बीचवर सावली शोधत मुलं नेमकी तिथेच पळतात.

धागाकर्ती
बाप रे, किती लिहिलंत! ह्यांना वाचायला दिलंय, ते आता आठवड्याची गोष्ट करतायत. पाण्याच्या बाटल्या विकतच घ्यायच्या का? आणि ऑइस्टिन्स गावातलं फिश फ्राय (तळलेल्या-भाजलेल्या माशांची ती जत्रा) कुठल्या दिवशी?

लंडनची सुमी
नळाचं पाणी बिनधास्त पी, चुनखडीतून गाळून आलेलं असतं. ऑइस्टिन्स शुक्रवारी रात्री, सातच्या आत गेलीस तर बाकावर जागा मिळेल, मार्लिन नाहीतर माहीमाही मासा सांग, सासूबाईंना मॅकरोनी पाय. रविवारी बस कमी आणि दुकानंही बरीच बंद, तो दिवस हॉटेलसमोरच्या बीचला ठेव.